मालिका न्यायाने कशी बघावी? माझी एक चूक आणि तुमचं मत

मनीषनगर
नमस्कार मंडळी. हा धागा मी एप्रिलमध्येच काढायला हवा होता, पण चूक कबूल करायची म्हटल्यावर हात जरा मागे राहतो.

आमच्या कॉलनीत बायकांचं वाचक मंडळ आहे. दर महिन्याला एक हस्तलिखित निघतं आणि चाळीसेक घरांत फिरतं. त्यात टीव्हीवरच्या मालिकांवरचं टिपण माझ्याकडे असतं. फेब्रुवारीत मी एका मालिकेवर लिहिलं (नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा त्या मालिकेचाच होईल). चार भाग पाहिले होते, तेही पोळ्या करता करता. लिहिलं असं की नायिका मठ्ठ आहे, नवरा डोळ्यांदेखत फसवतो आणि ही देवापुढे दिवा लावत बसते. असली बाई दाखवणं हा आपला अपमान आहे, असंही ठणकावलं. टिपण गाजलं. तीनचार जणींनी घरी येऊन कौतुक केलं.

मार्चमध्ये सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे मी त्यांच्याच खोलीत मुक्कामाला होते. रोज रात्री साडेआठला तीच मालिका. सोमवार ते शनिवार, सहा आठवडे, एकूण छत्तीस भाग. चौथ्या आठवड्यात उलगडा झाला की नायिकेला नवऱ्याचे सगळे उद्योग पहिल्यापासून ठाऊक होते आणि ती गुपचूप पावत्या जमवत होती. मी मोबाइलवर जुने भाग काढून पाहिले. मी ज्यावर लिहिलं होतं त्यातल्याच एका भागात ती दिवा लावता लावता देव्हाऱ्याच्या खणात एक कागद सरकवते. तो प्रसंग मी पाहिलेला होता. पण मला दिवा दिसला, हात दिसला नाही. कारण मला दिवाच बघायचा होता.

आता ती मालिका मला थोर वाटते असंही नाही. घरकाम करणाऱ्या बाईंच्या मुलाच्या फीचा प्रश्न दोन आठवडे रंगवला आणि मग ते पोरगंच गायब. कुणी नावही काढत नाही. हे माझ्याआधी सासूबाईंच्या लक्षात आलं.

तर विचारायचं हे की, किती बघितल्यावर बोलावं? आपली नावड बाजूला ठेवता येते का? आणि रोज चालणाऱ्या मालिकेला सिनेमा-नाटकाचाच गज लावायचा का?

संत्रानगरी
छत्तीस भाग! आमच्या घरी छत्तीसचा आकडा रिमोटवरूनच आहे. वाचतो आहे, येऊ द्या.

उमरेडरोड
मला प्रश्नच पटला नाही. प्रेक्षकाने न्यायाधीश व्हायचं कशासाठी? मी दिवसभर काउंटरवर बसून घरी येतो. महिन्याचे केबलचे पैसे भरतो, वर जाहिराती बघतो. पाच मिनिटांत कळतं की यात दम नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, त्यासाठी पातेलंभर भात खायची गरज नाही.

मनीषनगर
@उमरेडरोड, चॅनल बदलायचा हक्क पूर्ण तुमचा. पण चॅनल बदलणं वेगळं आणि चाळीस घरांत लिहून पाठवणं वेगळं. मी लिहून पाठवलं. आणि शितावरून भात कळतो तो सगळा एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो म्हणून. मालिकेत रोजचं पातेलं वेगळं, कधीकधी आचारीही वेगळा.

पडद्यामागे
"आचारीही वेगळा" हे तुम्ही अंदाजाने लिहिलं असेल, पण ते अगदी खरं आहे.

मी मूळचा प्रतापनगरचा. चार वर्षं ठाण्याला घोडबंदर रोडच्या सेटवर सहायक दिग्दर्शक होतो, आता परत नागपुरात आलोय. श्रेयनामावली नीट वाचा. कथा, पटकथा आणि संवाद यांच्यापुढे बहुतेक वेळा वेगवेगळी नावं असतात. कथेवाला पुढच्या महिन्या-दोन महिन्यांच्या कथानकाचा ट्रॅक आखतो, पटकथेवाला त्याचे रोजचे सीन पाडतो आणि संवादवाला त्या सीनमध्ये माणसांना बोलतं करतो. प्रत्येक पायरीवर वाहिनीची मंजुरी लागते. आठवड्याला सहा भाग दाखवायचे म्हणजे दिवसाला एक भाग हातावेगळा व्हायलाच पाहिजे. शूट करून शिलकीत ठेवलेल्या भागांना आम्ही 'बँक' म्हणतो. बँक भरलेली असली की सीनवर दोनदा विचार होतो, तालीम होते. बँक संपत आली की सीनचे कागद सकाळी सेटवर येतात आणि नट मेकअप करता करता पाठ करतात. तुम्ही एखादा आठवडा पाहून म्हणता की हे लोक मन लावून काम करत नाहीत, तेव्हा तो बँक संपल्याचा आठवडा असू शकतो.

दुसरं म्हणजे लांबलेले चेहरे. एक वाक्य आणि त्यावर पाच जणांचे पाच क्लोजअप, यावर सगळे हसतात. जाहिरातींना नियमाने तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे. ती आणि शीर्षकगीत, मागचा भाग वगैरे वजा केलं की अर्ध्या तासात साधारण २२ मिनिटं भरायची उरतात. कागदावरचा सीन सतरा मिनिटांत संपला तर उरलेली पाच मिनिटं चेहऱ्यांनीच भरायची, दुसरं काही हाताशी नसतं.

आणि त्या मुलाचं. तुमच्या मालिकेत काय झालं ते मला माहीत नाही. मी असताना एका पोराची खरी दहावीची परीक्षा आली म्हणून त्याचा ट्रॅक थांबवला होता. परीक्षा झाल्यावर आणू म्हणाले. तोवर कथा दुसरीकडे गेली आणि तो परत आलाच नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण पोरगा फार गुणी होता.

म्हणून टीका करू नका असं नाही. फक्त चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. ट्रॅक वाढवला तर त्याचा दोष नटीला लावू नका. आणि प्रोमोवरून तर कधीच लिहू नका, तो कापणारी माणसं बहुतेक वेळा वेगळीच असतात.

उमरेडरोड
माहिती चांगली दिलीत, पण हॉटेलात जेवायला गेल्यावर मी आचाऱ्याच्या घरच्या अडचणी विचारायच्या का? भाजी खारट ती खारट.

मेडिकल_चौक
@उमरेडरोड, खारट ती खारटच, यात मी तुमच्या बाजूने आहे. पण आमच्या धंद्यात लक्षण आणि कारण यांत फरक करायला पहिल्या वर्षापासून शिकवतात. भाजी खारट हे लक्षण, ते बिनधास्त लिहा. आचारी निष्काळजी आहे हे निदान, ते तपासल्याशिवाय लिहू नका. मनीषनगरताईंनी नायिका गप्प आहे एवढंच लिहिलं असतं तर ते बरोबर ठरलं असतं. ती मठ्ठ आहे म्हणून गप्प आहे, हे निदान घाईचं झालं.

आता माझा स्वतःचा पूर्वग्रह. मी डॉक्टर आहे आणि मालिकेतला दवाखाना बघताना माझं डोकं फिरतं. मॉनिटरवर सरळ रेघ आली की छातीला शॉक देतात. त्या सरळ रेघेवर शॉकचा उपयोग नसतो, छाती दाबत राहणं आणि औषधं देणं हाच उपाय असतो. पूर्वी एवढ्यावरून मी अख्खी मालिका निकालात काढायची. माझी लेक म्हणाली, "आई, बाबा बँकेत आहेत, ते प्रत्येक चेकच्या सीनला ओरडतात का?" तेव्हापासून मी चुकीचे दोन भाग पाडते. शॉकच्या चुकीने घरी बसलेल्या कुणाचं वाकडं होत नाही, कारण ते यंत्र घरी नसतं. पण साप चावल्यावर जखम चिरून तोंडाने विष ओढताना दाखवलं तर मी सोडत नाही. आपल्या विदर्भात पावसाळ्यात शेतावर साप चावणं ही रोजची गोष्ट आहे. चावलेला भाग न हलवता माणसाला लवकरात लवकर दवाखान्यात, प्रतिविषापर्यंत पोचवायचं असतं. चिरण्या-ओढण्यात वेळ जातो आणि माणूस जातो. तिथे मी लेखकाची अडचण ऐकून घेणार नाही, बँक संपली असो की भरलेली असो.

खामल्याची_काकू
मला एक वेगळंच बोलायचं आहे. मालिकांना नावं ठेवणारे निम्मे लोक मालिकेला नावं ठेवतच नाहीत, ती बघणाऱ्या बायकांना ठेवतात. एकदिवसीय सामना सात-आठ तास चालतो, त्यात मध्येच पाऊस येतो, तरी आमचे हे टीव्हीपुढून हलत नाहीत. त्यांना कुणी विचारत नाही की यातून काय शिकलात. मी अर्धा तास बसले की सगळे शिकवायला येतात. टीका लिहिणाऱ्याने आधी स्वतःला विचारावं की आपण कशावर रागावलो आहोत, गोष्टीवर की गोष्ट ऐकणाऱ्यावर.

मनीषनगर
काकू, हे मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मी 'आपला अपमान' असं लिहिलं तेव्हा त्या 'आपल्या'मध्ये सासूबाई नव्हत्या.

झाडीपट्टी
माझं गाव वडसा देसाईगंजजवळ, आता नोकरीमुळे हिंगण्याला. तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे गज कुठला लावायचा यावर, मला लिहायचं आहे.

आमच्याकडे दिवाळी झाली की नाटकं सुरू होतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, सगळा झाडीपट्टा. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. रात्री दहा-साडेदहाला पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत चालतं. नाटकाला गावोगावचे पाहुणे येतात, हजारो माणसं थंडीत चादरी पांघरून बसतात. मी शिकायला नागपूरला आलो तेव्हा वसंतराव देशपांडे सभागृहात पहिल्यांदा शहरी नाटक पाहिलं. सगळे हळू बोलत होते. मला वाटलं, नटांची तयारीच नाही! आणि माझे कॉलेजातले मित्र आमचं नाटक बघायला आले तेव्हा म्हणाले, "किती ओरडतात रे." दोघंही चुकत होतो. आमच्या नटाला चारशे फुटांवर चादरीत बसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत पोचायचं असतं. तो कुजबुजला तर म्हाताऱ्याने नाटकाला यायचं कशाला? याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तोवर आमच्याकडच्या कामाला 'अभिनय' म्हणायला शहरातले पुष्कळ जण तयार नव्हते.

आता मालिका. मनीषनगरताईंनी पोळ्या करता करता चार भाग पाहिल्याचं लिहिलंय, ते पुन्हा वाचा. मालिका अशीच बघितली जाते, आणि करणाऱ्यांना ते माहीत असतं. म्हणून पात्र खोलीत आलं की त्याचं नाव घेतलं जातं, तीच गोष्ट भागात तीनदा सांगितली जाते, वाईट माणूस आला की ठरलेलं संगीत वाजतं. लाटणं हातात असलेल्या बाईला पाठमोरं राहूनही कळावं म्हणून. ही निम्मी बघायची आणि निम्मी ऐकायची गोष्ट आहे. तिची तुलना अंधारात, पैसे देऊन, तीन तास गप्प बसून बघायच्या सिनेमाशी करणं म्हणजे मैदानातल्या नाटकाला सभागृहातला गज लावणं.

पण मैदानातही वाईट नाटक असतं, आणि आमचे लोक ते बरोबर ओळखतात. ते आवाज मोठा आहे म्हणून नाव ठेवत नाहीत. रडण्याच्या जागी नट खरा रडला नाही तर मागून चादरीतून आवाज येतो.

मेडिकल_चौक
काय सुंदर लिहिलंत! दोनदा वाचलं.

मनीषनगर
यात भर घालते. मार्चअखेरीस आमच्याकडे कूलर सुरू झाला आणि अर्धे संवाद ऐकूच येईनात. सासूबाई मात्र सगळं समजून घेत होत्या. मी आवाज वाढवायला उठले तर म्हणाल्या, "राहू दे, संगीत येतंय ना ऐकू." त्या दिवशी मला ते संगीत भडक वाटलं नाही.

धरमपेठेतली_सून
मी पुण्याची, लग्नानंतर इकडे आले. आमच्या घरी सर्वांत मोठं भांडण 'माझ्या नवऱ्याची बायको'वरून झालं. ती २०१६ ते २०२१ चालली. नायिका राधिका नागपूरची दाखवलेली आणि तिची बोली इकडची. भूमिका करणाऱ्या अनिता दाते नाशिकच्या. मला ती भाषा गोड वाटायची. सासरचे सगळे म्हणायचे, "असं कोण बोलतं?" आता सांगा, कुणाचं मत न्यायाचं? मला बोली येत नव्हती, म्हणून मी तटस्थ. त्यांना येत होती, म्हणून ते जाणकार.

तर्री_पोहे
असं कोण बोलते म्हंजे? आमच्या इथं सगळे बोलून राहिले नं बाप्पा! धरमपेठेत नसतील बोलत. इकडं इतवारीत या, तर्री पोहे खाऊ घालतो आणि दोन तास बोलीचं फुकट शिक्षण.

महालवाला
@तर्री_पोहे, शिक्षणाला कधी यायचं ते सांगा, पुडाची वडी मी आणतो. बाकी 'नागपूरची बोली' असं एकच काही नाही. आमच्या वाड्यात 'मला' म्हणतात पण 'करून राहिली' म्हणतात. मागच्या गल्लीत 'मले, तुले'. अमरावती-अकोल्याची वऱ्हाडी आणखी निराळी, तिचा हेल वेगळा. तेव्हा "असं कोण बोलतं" म्हणणारा खरं तर "आमच्या घरात असं बोलत नाहीत" एवढंच सांगत असतो.

माझ्या मते बोलीचं परीक्षण करताना उच्चार शेवटी बघावा. आधी बघावं की बोली कुणाच्या तोंडी दिली आहे आणि कशासाठी. वर्षानुवर्षं आपली बोली विनोदी नोकराच्या नाहीतर गावाकडून आलेल्या मामाच्या वाट्याला यायची. इथे ती नायिकेला मिळाली. ती बाई त्याच बोलीत मसाल्यांचा धंदा उभा करते, माणसं कामाला ठेवते. त्यासाठी दोनचार हेल चुकले तर मी माफ करीन.

धरमपेठेतली_सून
हे पटलं. पण त्याच मालिकेत सुरुवातीला तिचं नागपूरकर असणं म्हणजेच साधंभोळं असणं होतं, आणि नवऱ्याची शहरी प्रेयसी शनाया म्हणजे हुशार, फॅशनवाली. मला तेव्हा ते खटकलं नाही, कारण माझ्याही डोक्यात तसंच होतं. इकडे दहा वर्षं राहिल्यावर खटकायला लागलं. मालिका तीच, बदलले ते मी.

नागनदी
इतके प्रतिसाद वाचून लिहितो आहे. बऱ्याच जणांनी 'पूर्वग्रह बाजूला ठेवणे' असं म्हटलंय. मला ते जमत नाही आणि मला ते करायचंही नाही.

मी दीक्षाभूमीपासून चालत पाच मिनिटांवर वाढलो. आमच्या बैठकीच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो आहे, आमच्या ओळखीच्या शेकडो घरांत आहे. १४ ऑक्टोबर १९५६ला माझे आजोबा त्या गर्दीत होते. मी कुठलीही कौटुंबिक मालिका लावली की आधी भिंत बघतो. देव्हारा असतो, तुळस असते, पैठणी असते, मंगळागौर असते. आमची भिंत नसते. बाबासाहेबांच्या जीवनावर २०१९ मध्ये मालिका आली, ती आमच्या घरी सगळ्यांनी मिळून पाहिली, आईचे डोळे कितीदा भरून आले. पण मी थोर माणसाच्या चरित्राबद्दल बोलत नाही. मी म्हणतोय की एक साधं कुटुंब, ज्यात सासू-सून भांडतात, पोरगा परीक्षेत नापास होतो, कुणाचं लग्न ठरतं, आणि मागे भिंतीवर तो फोटो आहे. त्याबद्दल कुणी काही बोलत नाही, तो फक्त आहे. असं मला बघायचं आहे.

कुणी म्हणेल, हा मालिकेत जे नाही त्यावरून तिला जोखतो, हा अन्याय. असेल. पण जे बघणारे 'तटस्थ' म्हणून लिहितात त्यांना भिंत दिसत नाही, कारण ती त्यांच्या घरचीच भिंत असते. मी लिहीन तेव्हा पहिल्या ओळीत सांगीन की मी कुठे बसून बघतोय. मग वाचणाऱ्याने काय वजा करायचं ते करावं.

झाडीपट्टी
@नागनदी, नमस्कार. भिंतीकडे मी कधी बघितलंच नव्हतं. आज रात्री बघीन.

पडद्यामागे
@नागनदी, सेटची भिंत कोण ठरवतं ते सांगतो. पात्राचं आडनाव ठरलं की कला विभाग त्यावरून घर सजवतो. आडनाव ठरतं पहिल्या बैठकीत, आणि तिथे "प्रेक्षकाला आपलं वाटेल असं" एवढंच वाक्य ऐकू येतं. 'आपलं' म्हणजे कुणाचं, हे विचारलेलं मी चार वर्षांत ऐकलं नाही. मीही विचारलं नाही.

उमरेडरोड
पण शेवटी टीआरपी सांगतोच ना काय चांगलं ते? लोक बघतात म्हणून चालतं.

पडद्यामागे
टीआरपी किती जणांनी लावून ठेवलं ते सांगतो, कसं वाटलं ते सांगत नाही. आणि तो सगळ्यांना विचारून काढलेला नसतो. बार्क ही संस्था देशभरात पन्नास हजारांहून जास्त घरांत मीटर बसवते आणि त्यावरून कोट्यवधी घरांचा अंदाज बांधते. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर वेगळं बटण असतं, बघायला बसताना ते दाबायचं. पद्धत म्हणून नमुना पाहणी योग्यच आहे, पण २०२० साली मुंबईत या आकड्यांत फेरफार केल्याच्या आरोपावरून पोलीस केसही झाली होती. दर गुरुवारी आकडे आले की सेटवरचे चेहरे बघावेत! एका आठवड्यात आकडा पडला की नीट चाललेला ट्रॅक मोडून अपघात, स्मृतिभ्रंश, हरवलेली बहीण. पण उलट, मालिका चांगली चालली आहे म्हणून ती वाईटच असणार, असं म्हणणारेही तेवढेच चुकतात जेवढे तुम्ही.

जुना_सभासद
१९८४ साली जुलैमध्ये 'हम लोग' सुरू झाली तेव्हा आमच्या गल्लीत टीव्ही नव्हता, ओळखीच्यांकडे जाऊन वीस माणसं बसायचो. भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन त्यावर दोन शब्द बोलायचे. म्हणजे मालिकेतच समीक्षक बसवलेला होता म्हणा ना! १५६ भागांत ती संपली. संपलेल्या गोष्टीवर मत देता येतं. पुढे 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांवर भाग. तेवढ्यात माझी मुलगी दुसरीतून कॉलेजात गेली. त्या मालिकेवर 'एक मत' देणं म्हणजे बारा वर्षांच्या हवामानावर एक मत देणं.

म्हणून मी मनीषनगरताईंच्या पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो. पूर्ण मालिकेवर लिहू नये आणि एका भागावरही लिहू नये. पडद्यामागे म्हणतात तो ट्रॅक घ्यावा. एक प्रश्न उभा राहिला तिथून तो सुटेपर्यंत, चार ते सहा आठवडे. तेवढं सलग बघावं आणि तेवढ्यावरच बोलावं.

महालवाला
+१. आणि त्या ट्रॅकमध्ये जे धागे सोडून दिले त्यांची नोंद करावी. फीवाला मुलगा विसरायचा नाही.

उमरेडरोड
एक कबुली देतो. परवा रात्री लेकीबरोबर बसलो होतो. मी पाच मिनिटांत नेहमीचं सुरू केलं, हे खोटं, ते खोटं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बोलत असता तेव्हा मला ऐकू येत नाही." मग गप्प बसलो. शेवटपर्यंत बसलो. मला मालिका आवडली नाही, अजिबात नाही. पण का आवडली नाही हे पहिल्यांदाच सांगता आलं: बाप मुलीची माफी मागतो त्या सीनमध्ये तिला एकही वाक्य दिलेलं नव्हतं. सगळं बाप बोलतो आणि ती रडते. लेक म्हणाली, "हो, मलाही तेच वाटलं." आम्ही अर्धा तास त्यावर बोललो.

खामल्याची_काकू
@उमरेडरोड, जेवायला या आमच्याकडे. भाजी खारट नसेल.

मनीषनगर
सगळ्यांचे मनापासून आभार. मेच्या हस्तलिखितात मी जुन्या टिपणाची दुरुस्ती दिली. त्यात फक्त कागदाचा आणि हाताचा प्रसंग लिहिला आणि नायिकेबद्दलचे शब्द मागे घेतले. फीवाल्या मुलाबद्दल मात्र कडक लिहिलं. दोघी जणी नाराज झाल्या, म्हणाल्या, आधीचंच छान होतं, खुसखुशीत होतं. ते खरंच खुसखुशीत होतं. नावं ठेवणारं लिहिताना लेखणी आपोआप पळते, हा मला सगळ्यात मोठा धोका वाटतो. शब्द जमून आले की ते खरे आहेत का हे तपासायचं राहून जातं.

आता एक प्रस्ताव. येत्या सोमवारपासून एका मालिकेत नवा ट्रॅक सुरू होतोय. तो संपेपर्यंत आपण पाचसहा जणांनी सलग बघायचा, मध्ये इथे काही लिहायचं नाही, आणि संपल्यावर सगळ्यांनी एकाच दिवशी लिहायचं. त्याआधी, म्हणजे आत्ताच, प्रत्येकाने आपण कुठे बसून बघणार आहोत ते सांगून टाकायचं. माझं सांगते. गप्प बसणारी बाई दिसली की मला राग येतो, कारण मी स्वतः बरीच वर्षं गप्प होते.

मेडिकल_चौक
मी आहे. दवाखान्याचा सीन आला की माझं मत अर्धं धरा.

नागनदी
आहे. भिंत बघणार.

झाडीपट्टी
आहे. मला मोठ्याने बोलणारी माणसं आवडतात, हळू बोलणाऱ्यांवर माझा विश्वास बसायला वेळ लागतो.

महालवाला
आहे. विदर्भातलं पात्र आलं की मी आधीच त्याच्या बाजूने.

उमरेडरोड
आहे. लेकीने बसवलं तर. बापांच्या बाबतीत मी सध्या जरा हळवा आहे.

पडद्यामागे
मी बघेन, पण शेवटी लिहिणार नाही. त्या सेटवर माझे दोन मित्र कामाला आहेत, माझ्याकडून न्याय होणार नाही.

मनीषनगर
सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला. आता काठी घेऊन चालतात, तब्येत छान आहे. त्यांनी सांगितलं तसं टाइप करते आहे:

"मीपण बघणार आहे. मला दुष्ट बायका आवडतात, त्यांच्या साड्या चांगल्या असतात आणि त्या ताठ उभ्या राहतात. हे लिहून ठेव. आणि त्या लोकांना विचार, बायका स्वयंपाकघरात एवढा वेळ भांडतात तर एकदाही कुकरची शिट्टी का होत नाही? मी चौदा वर्षं वाट बघून राहिली."

पडद्यामागे
आजींना सांगा, शिट्टी झाली की संवाद पुन्हा घ्यावा लागतो, म्हणून कुकर रिकामा असतो. मित्रांना आजच फोन करून विचारतो, एकदा तरी वाजवता येईल का.